डबडे कबाड्याला देण्याआधी त्यातली नावे काढा



आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हजार नंबर मावतात. पण एक काळ असा होता की, ज्याच्या खिशात कॅसिओची डिजिटल डायरी तो वस्तीत साहेब ठरत असे. पुढे पाम नावाचे यंत्र आले. १९९६ साली ते अमेरिकेत निघाले. तळहातावर मावणारे, काडीने काचेवर लिहायचे. २०१० मध्ये ही कंपनी एच.पी.ने विकत घेतली आणि २०११ मध्ये पामच्या वंशातील फोनसुद्धा बंद झाले. डायरीयंत्रे तर त्याआधीच मागे पडली होती. यंत्रे गेली, पण त्यांच्यात लिहिलेली माणसे कुठे गेली?

हा विषय काढण्याला कारण आहे. आमच्या वस्तीतील एक जुने कार्यकर्ते वारले. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती घरांत आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मेडिकलमध्ये किंवा मेयोमध्ये रात्री रक्त लागले की या गृहस्थांचे दार वाजे. कोणाचा गट कोणता, कोण कोणत्या मोहल्ल्यात राहतो, हे सारे त्यांच्या पाममध्ये होते. अखेरच्या आठवड्यापर्यंत ते तेच वापरीत होते. वहिनींनी आम्हाला विचारले, "भाऊ, हे डबडं आता कबाड्याले देऊन टाकू काय?"

आम्ही म्हटले, "वहिनी, थांबा. आधी नवे सेल आणू."

कारण असे की, या जुन्या यंत्रांची स्मृती सेलच्या जोरावर टिकते. सेल पूर्ण उतरले की सगळ्या नोंदी पुसल्या जातात, मग ब्रह्मदेवही त्या परत आणू शकत नाही (असता तर!). बारीक सेलवर चालणाऱ्या पाममध्ये सेल बदलायला जेमतेम मिनिटभर मिळते. म्हणून नवे सेल हातात तयार ठेवूनच जुने काढावेत. कॅसिओच्या डायरीत चपटे सेल असतात, मुख्य आणि बॅकअपचे. दोन्ही एकाच वेळी कधीही काढू नयेत. चार्जिंगचे यंत्र वर्षानुवर्षे कपाटात पडून असेल तर मात्र आशा फार ठेवू नये.

आता जोडणीचे. जुन्या पामच्या केबलला नऊ पिनांचे तोंड असते, त्याला सिरियल पोर्ट म्हणतात. आजच्या कॉम्प्युटरला ते भोकच नसते, सगळीकडे यू.एस.बी. आहे. मधे एक जोड लागतो, तो काही शे रुपयांत मिळतो. त्यात नकली चिप असली तर नवे विंडोज त्याला ओळखत नाही, म्हणून दुकानदाराकडून परत घेण्याची हमी घेऊन मगच घ्यावा. जोड लावल्यावर कॉम्प्युटर त्याला कॉम नावाचा क्रमांक देतो. क्रमांक मोठा आला तर पामच्या जुन्या सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो एक ते चारमधला करून द्यावा. वेगही आधी कमी ठेवावा.

नंतरच्या पामची केबल यू.एस.बी.चीच आहे, तरी अडचण सुटत नाही. कंपनीने चौसष्ट बिटच्या विंडोजसाठी त्या केबलचा ड्रायव्हर काढलाच नाही. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे कोणाच्या तरी घरी धूळ खात पडलेला एक्स.पी.चा जुना कॉम्प्युटर मध्यस्थ म्हणून वापरणे. त्याला इंटरनेट मात्र जोडू नये, २०१४ पासून एक्स.पी.ला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही. लिनक्स जाणणारा मुलगा ओळखीत असेल तर जे-पायलट नावाचा फुकट प्रोग्रामही आहे.

सर्वांत मोठा धोका पुढे आहे. पाम आणि कॉम्प्युटर यांच्या मेळाला हॉटसिंक म्हणतात. आम्ही कारकून माणूस, आम्ही याला रोजकीर्दीवरून खतावणी करणे म्हणतो. पण इथे खतावणी कोरी असेल आणि तिच्यावरूनच रोजकीर्द दुरुस्त करण्याचा हुकूम दिला, तर रोजकीर्दही कोरी होते! म्हणून सेटिंगमध्ये 'यंत्रातील नोंदी कॉम्प्युटरवर चढवा' अशा अर्थाचा पर्याय निवडावा, उलटा नव्हे. यादी कॉम्प्युटरवर आली की ती एक्सपोर्ट करून साध्या सी.एस.व्ही. फाईलमध्ये ठेवावी. ती फाईल कोणताही कॉम्प्युटर उघडतो.

कॅसिओवाल्यांनी इतका खटाटोप करू नये असे आमचे मत आहे. तिची खास केबल आता सहजी मिळत नाही. दोन शाळकरी पोरे बसवा, एकाने वाचावे, एकाने लिहावे. दोनशे नावे दोन संध्याकाळींत उतरतात.

यंत्र अनोळखी दुकानात ठेवून येऊ नका. त्यात रक्तगट आहेत, आजार आहेत, कोणाची उसनवारीही असेल. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये सिंप्युटर नावाचे हातातले यंत्र गरिबांसाठी केले होते, तेव्हा त्यांनी हा विचार केला होता. यंत्र गावाचे एकच, पण प्रत्येकाचे स्मार्टकार्ड वेगळे, म्हणजे ज्याची माहिती त्याच्या खिशात. तेही यंत्र बाजारात टिकले नाही, पण कल्पना आम्हाला आजही पटते.

वहिनींच्या परवानगीने आम्ही घरगुती नोंदी वेगळ्या करून त्यांना दिल्या. रक्तदात्यांची यादी तेवढी घेतली. ती पाहून डोके धरायची वेळ आली. त्या यंत्रात मराठी लिहिता येत नसे, सगळे इंग्रजी अक्षरांत. एकच गजभिये चार स्पेलिंगांनी, रामटेके तीन. नागपूरचे जुने फोन नंबर सहा आकडी, नंतर पुढे २ लागून ते सात आकडी झाले. आम्ही २ लावून फिरवून पाहिले, बहुतेक लॅन्डलाईन कधीच कापल्या गेल्या आहेत. पत्ते मात्र बरेचसे खरे निघाले.

तेव्हा आता यादी मोहल्ल्याप्रमाणे लावून रजिस्टरवर उतरवली आहे, एक प्रत विहारात आणि एक महिला मंडळाकडे. रविवारी तरुण मुले घरोघर जात आहेत. यादीतील कितीतरी दाते ६५ ओलांडून गेले, नियमाप्रमाणे त्यांचे रक्त आता चालत नाही. त्यांच्याच दारात उभे राहून मुलांची, मुलींची आणि सुनांची नावे, गट आणि मोबाईल नंबर विचारून त्याच ओळीपुढे लिहून घेत आहोत. इंदोऱ्याचा भाग झाला, पाचपावलीचा अर्धा राहिला आहे.