कालव्याचे पाणी जाते कुठे?

प्रवासवर्णनाच्या तासाला आम्ही एकदा एका दिवाळी अंकातला लेख वाचून दाखवला. दक्षिण फ्रान्समध्ये 'कनाल द्यू मिदी' नावाचा जुना कालवा आहे. त्यावरच्या मालवाहू नौकांची आता तरती हॉटेले झाली आहेत, आणि अशा एका नौकेत लेखकाने सहा रात्री काढल्या होत्या. दहा प्रवासी, त्यांच्या दिमतीला पाच माणसे, रोज निराळी वाइन, जेवणानंतर चीजचे तीन-चार प्रकार, दोन्ही काठांवर झाडांच्या कमानी, आणि नौकेची चाल इतकी संथ की काठावरचा सायकलस्वार सहज पुढे निघून जाई. लेख नेटका होता. शब्दकळा प्रसन्न होती. आम्ही तो वाचला, 'आत्मनिष्ठा', 'चित्रमयता' वगैरे ठरलेली लेबले चिकटवली आणि पुस्तक मिटणार, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण ह्या कॅनॉलचं पाणी जातं कुठं?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. मग लेख पुन्हा चाळला. पाणी कुठून येते, कुठे जाते, कोण सोडते, याविषयी बारा पानांत एक ओळ नव्हती.

प्रश्न विचारणारा मुलगा अर्धापूर परिसरातला, केळीच्या बागायतदाराचा. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे पाणी कालव्याने आमच्या या भागात येते आणि ते आले तर केळीचा घड भरतो. त्या मुलाला कालवा म्हणजे आवर्तन. पाणी कधी सुटणार, आपल्या चारीला किती दिवस राहणार, वरच्यांनी रात्रीतून दार फोडले तर टेलच्या शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागायची, पाटकरी कोणाचे ऐकतो, हे सारे त्याला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. अंगावर घोंगडे घेऊन त्याने रात्री पाणी धरलेले आहे. अशा माणसाला कालव्याचे वर्णन ऐकवावे आणि त्यात पाण्याचाच पत्ता नसावा, हा आमच्या मते वाङ्मयीन अपराध आहे. (जाता जाता एक गंमत. खेड्यातला मुलगा 'कॅनॉल' म्हणतो आणि प्रवासवर्णनकार 'जलमार्ग' म्हणतो. दोघांपैकी त्या वस्तूशी परिचय कोणाचा, हे सांगणे न लगे.)

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नंतर शोधले. ते त्या लेखातल्या सगळ्या भोजनांपेक्षा चविष्ट निघाले.

पिएर-पोल रिके हा मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार. त्याने चौदाव्या लुईच्या राज्यात १६६६ साली हा कालवा हाती घेतला. तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटर. तुलूझला गारोन नदी अटलांटिककडे जाते, म्हणजे दोन समुद्र जोडले जाणार. अडचण एकच होती, आणि ती आमच्या त्या विद्यार्थ्याला क्षणात उमगली असती: मधली जमीन उंच आहे. नोरूझच्या खिंडीत कालवा समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर आहे. नौका चढवायची तर तिथे, माथ्यावर, बारमाही पाणी हवे. कारण लॉकचा दरवाजा दरवेळी उघडला की पेटीभर पाणी खालच्या अंगाला निघून जाते. रिकेने 'काळ्या डोंगरा'तले ओढे चर खणून वळवले, सें-फेरेओल येथे मोठा बंधारा घालून हिवाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी साठवले आणि ते नोरूझला आणून सोडले. तिथे ते दुभंगते. अर्धे अटलांटिककडे, अर्धे भूमध्याकडे. आज त्या कालव्याचे पाणी शेतीलाही दिले जाते. म्हणजे मागच्या बाकावरचा प्रश्न हाच त्या कालव्याचा गाभा होता आणि बारा पानांच्या लेखकाच्या खिडकीखालून तो सहा दिवस वाहत होता.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. चांद्रा मुकर्जी या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली 'इम्पॉसिबल इंजिनिअरिंग' हे पुस्तक याच कालव्यावर लिहिले. रिकेच्या मजुरांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांतल्या पिरेनीज पर्वतातून आलेल्या स्त्रियांपाशी डोंगरउतारावर पाणी खेळवण्याचे पिढीजात ज्ञान होते, आणि राजाच्या अभियंत्यांना जे कागदावर सुटत नव्हते त्यातले बरेच या निरक्षर हातांनी सोडवले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या ज्ञानाला कागदपत्रांत नाव मिळाले नाही. श्रेय रिकेला, कीर्ती राजाला. रिके स्वतः १६८० साली, कालवा पुरा होण्याच्या काही महिने आधी, कर्ज मागे ठेवून वारला.

हे सारे दिवाळी अंकातल्या लेखात यायला हवे होते, असे आमचे म्हणणे नाही. माहितीचा भारा म्हणजे प्रवासवर्णन नव्हे. परंतु समोर दिसते त्याविषयी साधे कुतूहलही नसावे? लेखकाने ज्या शांततेवर दोन पाने खर्ची घातली, ती शांतता कशाची आहे, हे त्याने नौकेच्या खलाशाला विचारले असते तरी पुरे होते. या कालव्यावरून एकेकाळी गहू आणि मद्याची पिंपे जात, काठावरून घोडे नौका ओढत. रेल्वे आल्यावर १८५८पासून चाळीस वर्षे हा कालवा प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीच्याच भाडेपट्ट्यात होता. तिने त्याची काय काळजी घेतली असेल ते सांगायला नको. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मालवाहतूक संपली आणि नौकेवर जन्मून नौकेवरच मरणाऱ्या कुटुंबांचा धंदा बुडाला. त्यांच्या रिकाम्या नौकांत आता मऊ गाद्या आहेत. १९९६ साली युनेस्कोने कालव्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एखादे काम मेले की त्याची शोभा सुरू होते. त्या शोभेचे भाडे भरून आलेल्या लेखकाला ती निसर्गाची देणगी वाटली! काठावरच्या झाडांच्या कमानीही लावलेल्या आहेत, आणि २००६पासून बुरशीच्या रोगाने त्यांतली हजारो झाडे तोडावी लागली आहेत.

ज्यांना हे दिसले असे लेखक-कलावंत होऊन गेले आहेत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७६ साली बेल्जियम-फ्रान्सच्या कालव्यांतून आणि नद्यांतून छोट्या होडीने गेला. पावसात भिजला. एका गावात त्याला फेरीवाला समजून खाणावळवालीने बाहेर काढले. त्याच्या पुस्तकात नाववाले आहेत, त्यांच्या बायका आहेत, कुत्री आहेत. झाँ व्हिगोच्या १९३४च्या 'लातालांत' चित्रपटात अख्खा संसार मालवाहू नौकेवर चालतो. रात्रीच्या बिछान्याची शाश्वती नसली की डोळे उघडे राहतात, एवढाच आमचा मुद्दा नाही. पण एवढाही आहे.

आणि दूर कशाला जायचे? मराठी प्रवासवर्णनाचा आरंभ पाहा. गोडसे भटजी वरसईहून निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे, घरच्या कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने. वाटेत १८५७ गाठ पडले. त्यांचे 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले. त्यात लुटले जाणे आहे, तहान आहे, झाशीत घरांत घुसलेले सैन्य आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि १८८९ साली त्यांनी पुस्तकाला नाव दिले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिती आधी, प्रवास नंतर. या नावातच एक साहित्यशास्त्र आहे, आणि ते आम्ही विद्यार्थ्यांना कधी शिकवले नाही. अनंत काणेकर १९४०च्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'मध्ये एक प्रश्न घेऊन रशियाला गेले. त्यांचे उत्तर आज कोणाला पटो न पटो, प्रश्न खरा होता. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६०ची. तिच्यातला विनोद हा प्रथमच विलायत पाहणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या बुजरेपणातून उपजलेला आहे. पुढच्यांनी विनोद उचलला, बुजरेपणा टाकून दिला. परदेशाची अपूर्वाई संपली, आणि उरले ते मेन्यूकार्ड.

आम्हांला सांगण्यात येते की हा मराठवाड्याचा मत्सर आहे. दुष्काळी मुलखातल्या मास्तरांना दुसऱ्याचे सुख पाहवत नाही. मत्सर असेलही, आम्ही त्याची शपथपूर्वक नाही म्हणत नाही. सहा रात्री कोणी आम्हांला तशा नौकेत नेले तर आम्ही जाऊ, आणि चीजही खाऊ. श्रीमंताने लिहू नये, असा नियम कोणी केलेला नाही. आक्षेप पैशावर नाही, नजरेवर आहे. ज्या प्रवासात काही चुकण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याचे वर्णन हे मुळात पावतीचे पाठांतर असते. ते जाहिरातीच्या पुस्तिकेत शोभते. अभ्यासक्रमात ते आले की ते एक गोष्ट शिकवू लागते, आणि तिथे आम्ही पक्षकार आहोत.

काय शिकवते? तर, लिहिण्याजोगे जग दुसरीकडे आहे. आमच्या मुलांना 'मी केलेला प्रवास' लिहायला सांगितले की ती न पाहिलेल्या स्वित्झर्लंडबद्दल लिहितात. एकाच गाइडातला बर्फ वीस वह्यांत पडतो. एप्रिल २०१६मध्ये 'जलदूत' नावाची रेल्वेगाडी मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी घेऊन आली. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे टाक्या ५० झाल्या. पाण्याने रेल्वेने साडेतीनशे किलोमीटर प्रवास करावा, याहून विलक्षण प्रवासवृत्त या देशात गेल्या दहा-बारा वर्षांत दुसरे कोणते घडले? त्यावर बातम्या आल्या, राजकारण्यांची छायाचित्रे आली. मराठीत त्याचे प्रवासवर्णन अजून आमच्या पाहण्यात नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ची. धरणाने उठवलेल्या माणसांची ती कादंबरी आहे, म्हणून धरणापर्यंत तरी आपले साहित्य पोचले. धरणाखाली, कालव्याने, चारीने, शेवटच्या वाफ्यापर्यंत ते कधी चालत गेले?

म्हणून मागल्या वर्षी आम्ही लेखनप्रकल्पाला विषय दिला: 'एक आवर्तन'. अट एवढीच की पाणी आपल्या गावात जिथून शिरते तिथून ते संपते तिथपर्यंत चालत जायचे आणि दिसेल ते लिहायचे. भाषा कच्ची होती, शुद्धलेखनाविषयी न बोलणे बरे. पण एकीने लिहिले की कालव्यावर धुणे धुणाऱ्या बायकांना पाणी सुटल्याची वर्दी पाटकऱ्याच्याही आधी लागते, कारण दगडाचा आवाज बदलतो. दुसऱ्याने टेलला पोचून लिहिले की इथे चारी आहे, पण तिच्यात बाभळी उगवल्या आहेत, आणि त्यांच्या बुंध्यांवरून त्याने किती वर्षांत पाणी आले नाही याचा अंदाज बांधला.

हे उतारे आम्ही अभ्यासक्रमाच्या एका बैठकीत नेले. गोडसे भटजी, रमाबाई आणि त्यांच्या जोडीला असे स्थानिक लेखन, असा घटक सुचवला. उत्तर मिळाले की विद्यार्थ्यांना जुनी भाषा जड जाते, त्यांना काहीतरी सोपे आणि आनंददायी द्यावे. आणि उताऱ्यांबद्दल, हे ठीक आहे पण यात प्रवास कुठे आहे? प्रस्ताव पुढच्या बैठकीत आम्ही पुन्हा ठेवणार आहोत. या वेळी सोबत बाभळीचा उतारा आणि दिवाळी अंकातला लेख, दोन्ही लेखकांची नावे झाकून, देऊ.