पळतीचा मान

खो-खोचा सामना संपला म्हणजे ज्यानें अधिक गडी मारले त्याच्या नांवाचा जयघोष होतो. ज्यानें तीन मिनिटें सगळ्या प्रतिपक्षास झुलविलें त्याची पाठ क्वचितच थोपटली जाते. कित्येक पालकांस तर पळतीचा गडी म्हणजे केवळ जीव वांचवून पळणारा वाटतो. हा समज आम्हांस अन्यायाचा वाटतो.

खेळाची रचनाच पाहावी. ९ मिनिटांच्या पाळींत पाठलाग करणाऱ्या पक्षाचे ९ गडी मैदानांत असतात. पळणारे एका वेळीं अवघे ३. पाठलाग करणाऱ्यास मध्यपाटी ओलांडतां येत नाहीं व एकदां धरलेली दिशा मध्येंच सोडतां येत नाहीं. पळणाऱ्यास बसलेल्या गड्यांमधून निसटण्याची मोकळीक आहे. परंतु ती मोकळीक वापरावयास नजर, दम आणि धीर हे तिन्ही गुण लागतात. पुढें कोण उठणार हें 'खो' कानीं पडण्यापूर्वीं ताडावें लागतें. त्यांतून आमच्या जामनेरची जमीन काळी; उन्हाळ्यांत भेगाळणारी, पावसाळ्यांत पायास चिकटणारी. अशा जमिनीवर वळण घेतांना तोल सांभाळणें हें भित्र्याचें काम नव्हे.

जुन्या नियमांप्रमाणें पळणाऱ्यास गुण मिळत नाहीं. तो प्रतिपक्षाचे गुण अडवितो. पहिल्या तिघांनीं ५ मिनिटें काढलीं, तर उरलेल्यांस बाद करण्यास प्रतिपक्षापाशीं ४ च मिनिटें राहतात. जय पुष्कळदां येथेंच ठरतो. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला खो-खो विश्वचषक झाला. तेथें भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनीं अंतिम सामन्यांत नेपाळचा पराभव केला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या स्पर्धेच्या नियमांत, ठराविक वेळेपलीकडे टिकणाऱ्या पळतीस गुण देण्याची सोय होती. ही सुधारणा आम्हांस योग्य वाटते.

तथापि, बचाव आणि वेळकाढूपणा यांतील भेद विसरूं नये. अमेरिकेंतील बर्फावरील हॉकींत न्यू जर्सीच्या संघानें मैदानाच्या मध्यभागींच प्रतिपक्षाची वाट अडवून १९९५ सालचें अजिंक्यपद मिळविलें. पण ह्या तऱ्हेनें खेळ कंटाळवाणा होतो अशी ओरड झाली, आणि २००५ सालीं चढाईस मोकळीक देणारे नियम आले. आपल्या कबड्डींतही दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरींत गुण मिळवावा, नाहींतर गडी बाद, असा नियम २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डींत आहे. तात्पर्य हें कीं, बचावानें प्रतिपक्षास त्याचें उत्तम कसब दाखविण्यास भाग पाडावें. खेळच बंद पाडूं नये.

आमची सूचना साधी आहे. सामन्याचा निकाल शाळेच्या फलकावर लिहितांना कोणी किती गडी मारले ह्याबरोबर कोण किती वेळ टिकला हेंही लिहावें. संघ निवडतांना दोन्ही आंकडे सारखे मोजावे. पालकांनींही मुलगा किंवा मुलगी घरीं आल्यावर "किती मारलेस?" एवढेंच न विचारतां "किती वेळ टिकलास? किती वेळ टिकलीस?" असेंही विचारावें. विद्यार्थिमित्रहो, सगळेच पाठलाग करूं लागले तर सामना जिंकावा कोणीं? आपल्या पक्षावर डाव उलटत असतां जो शांतपणें उभा राहतो, त्याचेंही नांव घेण्यास शिका.