विजेच्या बिलाची वांटणी
साताऱ्यास एकाच मीटरावर दोन बंधूंचीं बिऱ्हाडें असलेल्या घरांत बिल आलें, कीं धाकट्या सुनेच्या गिझरावर ठपका येतो. आमच्या मतें आधीं हिशोब मांडावा. महावितरणाच्या संकेतस्थळावर त्यासाठीं गणक आहे. उपकरणांचे वॅट व तास भरले, कीं अजमास निघतो. त्यांतील मर्म त्रैराशिकाहून कठीण नाहीं : हजार वॅट एक तास चालले म्हणजे एक युनिट. दोन हजार वॅटांचा गिझर अर्ध्या तासांत एक युनिट घेतो. माजघरांतील ७५ वॅटांचा पंखा चौदा तास फिरला, तर त्याहून किंचित् अधिकच. पण पंख्याकडे कोणी बोट दाखवीत नाहीं!

शीतकपाटाविषयीं मात्र सावध असावें. त्याचे वॅट चोवीस तासांनीं गुणले तर आंकडा भलताच फुगतो, कारण त्याचें यंत्र मधून मधून विसावा घेतें. त्याच्या ताऱ्यांच्या चिठ्ठीवर वर्षाचीं युनिटें छापलेलीं असतात, तीं बारांनीं भागावीं.

सांगलीच्या गिरणीवाल्यानें पांच अश्वशक्तींस ७४६ नें गुणावें. ३७३० वॅट येतात, म्हणजे पूर्ण भारावर चार तासांस सुमारें पंधरा युनिटें. मोटरींतील तूट निराळी.

आतां वांटणी. १०० युनिटें ओलांडलीं, कीं सर्वच महाग होतात असें नव्हे; घरगुती दरांत वरचा दर वरच्याच युनिटांस लागतो. तथापि स्वस्त १०० थोरल्यांचीं आणि महाग तेवढीं धाकट्यांचीं, हा न्याय नव्हे. पोटमीटर बसवून वीज आकार व वहन आकार युनिटांच्या प्रमाणांत वांटावे, स्थिर आकार निम्मा निम्मा, आणि १६ टक्के वीजशुल्क ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर चढवावें.