'आई' म्हणते की 'मी' म्हणते?

मैत्रिणींनो, दिवसातून कितीदा तुम्ही स्वतःला 'मी' म्हणता? घरात लहान मूल असेल तर विचारूच नका! "आई रागावेल हं", "आईला दे बरं", "आई दमली बघ." शाळेत गेलं तर "बाई काय सांगताहेत?" असं खुद्द बाईच विचारतात. बोलतो आपण, पण तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

यात वावगं काही नाही. कोरियातली आईसुद्धा मुलाशी बोलताना स्वतःला 'ऑम्मा', म्हणजे आईच, म्हणते. इंडोनेशियात वडीलधारी बाई, शाळेतली शिक्षिका स्वतःला 'इबू' म्हणते. तरुण मुली तर 'मी'च्या जागी पुष्कळदा स्वतःचं नाव घेतात. तिथं 'तो' आणि 'ती' दोघांनाही एकच शब्द, 'दिआ'. कोरियन क्रियापदालाही लिंग नाही, पण नात्याला आहे. थोरल्या भावाला बहीण 'ओप्पा' म्हणते आणि भाऊ 'ह्योंग' म्हणतो. हाक ऐकली की बोलणारी मुलगी की मुलगा, ते कळलंच!

आपल्याकडे ते क्रियापद सांगतं. 'मी जातो', 'मी जाते'. पण आमच्या बुटीबोरीकडे जरा कान देऊन ऐका. कितीतरी बायका सहज म्हणतात, "थांब, मी येतो." कोल्हापूरकडच्या मुलीही "मी आलो" म्हणतात. आणि इथं कारखान्यांमुळे आलेल्या बंगाली, उडिया शेजारणींच्या भाषेत तर 'जातो-जाते' हा भेदच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अशी एखादी मुलगी वर्गात "मी सांगतो" म्हणते आणि कुणीतरी विचारतं, "तू काय मुलगा आहेस?" सगळा वर्ग खो खो हसतो. त्या दिवसापासून तिचा हात वर होत नाही. उत्तर येत असलं तरी! एका 'तो'पायी पोर मुकी करायची का? तिला एवढंच सांगावं, की घरचा फ्रॉक वेगळा, शाळेचा गणवेश वेगळा. पेपरात 'मी सांगते' लिही, घरी आजीशी आजीसारखंच बोल. आणि हसणाऱ्यांना विचारावं, 'आम्ही जातो' यात बाई कोण, पुरुष कोण? 'मी जाईन' यात तरी कळतं का? पुस्तकी मराठीसुद्धा प्रत्येक वेळी लिंग विचारत नाही, बरं का!

दुसरं घरातलं. तान्ह्या मुलाशी 'आई' म्हणणं सोयीचंच, कारण 'मी' कोण नि 'तू' कोण हे त्याला उमगत नसतं. पण साधारण दोन-तीन वर्षांचं झालं की तेही 'मी' म्हणू लागतं. तेव्हापासून आपणही म्हणावं. मुलं दहा-बारा वर्षांची झाली तरी आपलं "आईचं डोकं दुखतंय" चालूच. ते कुणाच्या कानात शिरत नाही, कारण आई म्हणजे घरातलं खातंच एक! त्याऐवजी सरळ म्हणावं, "माझं डोकं दुखतंय. मी अर्धा तास पडते. कुकर तुम्ही लावा."

जनाबाईंनी स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतलं, पण अभंगात जनी हे आपलं नावही घातलं. म्हणून ते आजवर राहिलं. आपल्याला अभंग रचायचे नाहीत. पण या आठवड्यात रोज एक वाक्य 'मी'पासून सुरू करून पाहा. 'मी येते' म्हणा नाहीतर 'मी येतो', घरच्यांना ऐकू जाईल असं म्हणा!