एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं? घाबरू नका, पण टाळूही नका

रिपोर्टवर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' दिसलं, की पोटात गोळा येतो. पण आधी एवढं लक्षात घ्या: हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी एक विषाणू सापडलाय, एवढंच तो सांगतो.

शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींत मात्र तो ठाण मांडतो आणि पेशी बिघडवू लागतो. त्यातून गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एचआयव्ही असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील, तर 5 ते 10 वर्षंही पुरतात. म्हणजे हातात वेळ आहे. तो वाया घालवू नका.

पहिलं काम: विषाणूचा प्रकार विचारा. 16 किंवा 18 असेल, तर कॉल्पोस्कोपी लवकर करून घ्या. या कॅन्सरच्या दर दहातल्या सुमारे सात केसेसच्या मुळाशी हे दोन प्रकार असतात. दुसरा प्रकार असेल, तर डॉक्टर बहुधा आधी पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी, करतील. ती चांगली आली, तरी वर्षभराने पुन्हा जायचं असतं. ते विसरू नका.

कॉल्पोस्कोपीला भूल लागत नाही. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. डॉक्टर ती भिंगातून बघतात आणि शंका वाटली तर छोटासा तुकडा तपासायला पाठवतात. थोडं चुरचुरतं. त्याच दिवशी घरी येता येतं.

कुणी म्हणेल, "कटकट नको, पिशवीच काढून टाका." नुसत्या या रिपोर्टवर पिशवी काढायची नसते. कॅन्सरआधीचा बिघाड निघाला, तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग जाळून किंवा काढून काम होतं. घाई कुणी केलीच, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

घरात भांडण काढू नका. विषाणू कितीतरी वर्षं गुपचूप राहू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगू शकत नाही. नवऱ्यावर संशय नको, स्वतःला दोषही नको.

संबंधानंतर रक्त गेलं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर गेलं किंवा पांढऱ्या पाण्याला घाण वास येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लगेच दाखवा.

विडी-सिगारेट ओढत असाल, तर बंद करा. तिने धोका वाढतो. मिश्रीही सोडा. एचपीव्हीची लस आधीचा विषाणू घालवत नाही, पण घरातल्या 9 ते 14 वर्षांच्या मुलींना ती जरूर द्या.

तपासणीने खरंच फरक पडतो का? आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांत हे पाहिलं गेलं. 30 ते 59 वयाच्या बायकांची एकदा एचपीव्ही तपासणी केली. पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढे तपासून गरजेप्रमाणे उपचार दिले. 2009 मध्ये निष्कर्ष आले: तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने या गावांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते.

हे नुसत्या रिपोर्टने साधलं नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बायका पुढच्या तपासणीला गेल्या, म्हणून साधलं. तुम्हीही दवाखान्यातून निघताना पुढची तारीख लिहून घ्या. शेतीची कामं, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा मध्ये येतीलच. तरी तारीख चुकवू नका.