‘आमच्या जबाबदारीवर नेतो’



ऊस विकास खात्याच्या माणसाने लागण, बेणे, खोडवा यावर लिहावे, दवाखान्यावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण एका कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, ती मनातून जात नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाला खोडव्यात घोणस चावली. लस दिली, दुसऱ्या दिवशी सूज उतरली, माणूस हसून बोलू लागला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस ठेवा. घरी दोन म्हशी, धारेला म्हातारी आई एकटी, आणि बिलाचा आकडा रोज वाढतोय. मी भेटायला गेलो होतो. मीच म्हणालो, “तब्येत बरी दिसतीय की, न्यायला काय हरकत आहे?” सही झाली. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, मग मिरजेला धावाधाव आणि डायलिसिस. माणूस वाचला. पण दोन दिवसांचे बिल वाचवायला गेलो आणि म्हैस विकावी लागली.

नंतर डॉक्टरांनी समजावले ते इथे लिहितो. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही. म्हणून काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे ठेवून बघतात आणि सहा-सहा तासांनी पुन्हा तपासतात. एकदा गोठले म्हणजे सुटलो असे नाही, ते पुन्हा बिघडू शकते. मूत्रपिंडाचे दुखणे तर एक-दोन दिवसांनी वर येते. मण्यार याहून फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावली तर दुखत नाही, खूण दिसत नाही, काही तासांनी पापण्या जड होतात आणि श्वास अडतो. माणूस बरा दिसतो म्हणून घरी न्यायचा, हा हिशेब इथे चालत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. (पाचट जाळू नका असे आम्हीच सांगतो, आणि पाचटात साप बसतो हे तुमचे म्हणणे खोटे नाही. पाचट ठेवाच, पण गमबूट आणि बॅटरीशिवाय सरीत उतरू नका.)

सही करणाऱ्याला अडाणी म्हणणे मला पटत नाही. दवाखान्यातून जाण्याचा रुग्णाला हक्कच आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेतही तो आहे. डॉक्टरांनीही ‘दोन दिवस ठेवा’ एवढेच न म्हणता कशासाठी ते सांगायला हवे. पण खरी अडचण घरी असते. ऊसतोड कामगारांचे बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको खाटेवर, नवरा उशाला, म्हणजे कोयता बंद, खाडा पडला आणि उचल तशीच अंगावर. ते थांबणार कशाच्या जोरावर?

सातारा, कराड, सांगली, मिरज येथील सरकारी रुग्णालयांत सर्पदंशाची लस फुकट आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण रुग्णालय योजनेतले हवे आणि रेशनकार्ड, आधारकार्ड लागते. हे कागद आणायला म्हणून घरी गेलेला माणूस पुष्कळदा रुग्णाला घेऊनच जातो.

म्हणून मी कार्यकारी संचालकांकडे लेखी मागणी केली आहे. दवाखान्यात असलेल्या सभासदाची तोड आली तर गट ऑफिसने त्याची पाळी राखून ठेवावी. कामगार जोडप्याचा तेवढ्या दिवसांचा खाडा धरू नये. योजनेच्या कागदांसाठी कारखान्याचा एक कारकून नेमावा. धारेचे आणि वैरणीचे मात्र कारखाना करू शकणार नाही, ते भावकीने आणि शेजाऱ्याने वाटून घ्यावे. वार्षिक सभेत हा विषय येईल तेव्हा उसाच्या दरावरच सगळा वेळ जाऊ देऊ नका. आणि रुग्ण नेलाच, तर डिस्चार्जचे कागद मागून घ्या व लघवी कमी झाली, हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच रात्री परत घेऊन जा. एकदा सही केली म्हणून परत यायला लाजायचे काही कारण नाही.

— ऊस विकास अधिकारी