पुस्तके वाढली, मोकळीक वाढली का?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हवे ते पात्र घडवता येते, असे चाहते अभिमानाने सांगतात. आम्हीही हा खेळ खेळतो. म्हणूनच विचारतो, ‘हवे ते’ म्हणजे नेमके कोणाला हवे ते?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांत हा खेळ आणला. नियम थोडे होते, पण त्यातला एक पाहा. ड्वार्फ फक्त योद्धा होऊ शकतो, आणि तोही सहाव्या लेव्हलपर्यंतच. माणसाला अशी मर्यादा नाही. म्हणजे पराक्रम कितीही गाजवा, जन्माने आखलेल्या रेषेपुढे पाऊल टाकायचे नाही! हा नियम आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागेल काय?

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ही बंदी उठली. चांगले झाले. पण सोबत फीट आणि प्रेस्टिज क्लास यांचा पूर आला. एखादा खास क्लास हवा तर त्याच्या अटी आधीपासून जुळवत आणा, त्यासाठी पुस्तकामागून पुस्तक घ्या. पर्याय वाढले, पण ज्याच्या कपाटात पुस्तके त्याचेच. नवखा मुलगा टेबलाशी बसतो तेव्हा गोष्ट सुरू होण्याआधीच त्याचे पात्र मागे पडलेले असते.

एवढी पाने वाढून मूळ रोग गेला का? नाही. २०१६ च्या ‘वोलोज गाइड टू मॉन्स्टर्स’मध्ये ऑर्क पात्राच्या बुद्धीतून जन्मतःच दोन गुण वजा होते. ही वजाबाकी २०२० मध्ये काढली. त्याच वर्षी ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने वंशाचे वाढीव गुण हवे तिथे वळवण्याची मुभा दिली, तीही ऐच्छिक. चुकीचा नियम खोडायचा नाही. त्यावर अपवाद चिकटवायचा आणि तो नव्या पुस्तकातून विकायचा!

२०२४ मध्ये ‘रेस’ जाऊन ‘स्पीशीज’ आले. वाढीव गुण जन्मावरून निघून पूर्वायुष्यावर, म्हणजे बहुधा पूर्वीच्या धंद्यावर, आले. शेतकऱ्याला वाढ मिळते ती बळ, काटकपणा आणि शहाणपण यांतच. उमरावाला मात्र बुद्धीतही. मग शेतकऱ्याच्या पोराने जादूगार व्हायचे ठरवले तर? वेगळे पूर्वायुष्य रचण्याची वाट आहे, पण ती डंजन मास्टरच्या पुस्तकात, त्याच्या मर्जीवर.

काही मित्र म्हणतील, खेळच तर आहे. फरक पुसले तर ड्वार्फ आणि एल्फ वेगळे कसे राहणार? फरक राहू द्या की! ड्वार्फला अंधारात दिसू द्या, विष त्याला कमी बाधू द्या. आमचा आक्षेप वेगळेपणाला नाही, जन्म किंवा धंदा पाहून बुद्धीचे माप ठरवण्याला आहे.

आम्हाला नवे पुस्तक नको. वाढीव गुण कुठे जावेत हे खेळणाऱ्यानेच ठरवावे, एवढी एक ओळ पहिल्याच पुस्तकात, सर्वांसाठी लिहा. त्या एका ओळीने अपवादांची कितीतरी पाने आपोआप गळून पडतील.